देवरे सरांची पहिली चूक

वंदनाचा फोन आला तेव्हा मी आठवड्याच्या कामांची यादी करत होते. "मॅडम, आपले देवरे सर गेले," एवढंच ती म्हणाली. यादीत चौथ्या क्रमांकावर 'देवरे सरांना फोन' असं लिहिलेलं होतं... ते खोडलं.

सर मूळचे सटाण्याचे. नव्वदच्या दशकात ओझरला विमानांचे भाग तपासायचे. पुढे अंबडमधल्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत गुणवत्ता सांभाळायला आले. आम्ही तेव्हा शीतगृहांसाठी सॉफ्टवेअर बनवत होतो आणि प्रकल्पाचा डॅशबोर्ड माझ्याकडे होता. कुणाच्या कामात किती चुका नोंदल्या गेल्या, किती मिटल्या, सगळं त्यात असे. दर सोमवारी मी तो रंगीत तक्ता छापून भिंतीवर लावायचे. हिरवं म्हणजे ठीक, लाल म्हणजे अडलेलं. मला त्या तक्त्याचा अभिमान होता.

दोन महिन्यांत सगळा तक्ता हिरवा झाला, एक ओळ सोडून. ती वंदनाची. नुकतीच लागलेली, घरात एकटी कमावणारी. त्याच सुमारास मालकांनी माणसं कमी करायचं ठरवलं आणि आकड्यांवरून नावं मागितली. मी अर्ध्या तासात यादी करून दिली. पहिलं नाव वंदनाचं होतं.

यादी सरांकडे सहीला गेली. सही न करताच ते माझ्या टेबलाशी आले. "मॅडम, शंभर भाग तपासून एकातही खोट निघाली नाही, तर आम्ही आधी मोजमापाचं साधन तपासायचो."

"सर, आकडे बरोबर आहेत."

"आकडे बरोबरच आहेत हो... चुका कुठे गेल्या?"

सोमवारी ते तक्त्यापुढे उभे राहिले. "पहिली चूक माझी. लाल दिसलं की मी चारचौघांत जाब विचारायचो. म्हणून तुम्ही लिहिणं सोडलंत. आता चुका टिपता त्या वह्या काढा."

एक जण म्हणाला, "सर, वही दिली तर माझी ओळ लाल होईल."

"होऊ दे की. माझी आत्ताच झालीय!"

हशा पिकला आणि एकेक करत सात वह्या बाहेर आल्या. चूक सापडली की ती वहीत टिपायची, जमेल तेव्हा गुपचूप दुरुस्त करायची, डॅशबोर्डवर जाऊ द्यायची नाही, असा शिरस्ताच पडला होता. फक्त वंदना सगळ्या चुका नोंदवत होती. संध्याकाळपर्यंत तक्ता लालभडक झाला. काम लांबलं, ग्राहक चिडला, सरांची बढती अडली. वंदना मात्र राहिली. यादी कुणी केली होती ते सरांनी तिला सांगितलं नाही. मीही नाही.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत दर सोमवारी ते आधी स्वतःची एक चूक सांगायचे, मगच तक्त्याकडे वळायचे.

दहाव्यानंतर आम्ही दोघी त्यांच्या घरी गेलो. वहिनी चहा टाकायला आत गेल्या आणि मी वंदनाला म्हटलं, "ती यादी मी केली होती."

"माहीत आहे, मॅडम."

"सर बोलले?"

"छे! पण एवढी नीटनेटकी यादी आपल्या कंपनीत दुसरं कोण करणार होतं?"

ती हसली. मला हसता आलं नाही... आता सोमवारची बैठक मी घेते आणि सरांसारखीच पहिली चूक माझी सांगते. परवाच्या सोमवारी हीच सांगितली.