हेडरसकट लांबी

धाकट्या जावेला आपल्याच ऑफिसात चिकटवण्याची बुद्धी थोरलीला कुठून झाली, ते तिचं तिलाच ठाऊक. घरी सासूबाईंच्या तोंडी धाकटीचं कौतुक होतंच, आता साहेबांच्याही तोंडी तेच सुरू झालं. थोरलीच्या अंगाचा तिळपापड होई, आणि वर हसून मान डोलवावी लागे ते वेगळंच.

टाक्यांमधली पाण्याची पातळी पंपघरात दाखवायची, हे त्यांचं काम. टाकीवरचं यंत्र पातळीच्या आकड्यांचं पॅकेट पाठवी, पंपघरातला संगणक ते उतरवून घेई. उतरवून घेणारा प्रोग्राम थोरलीचा, बारा वर्षं जुना आणि अजून खणखणीत. पाठवणारा नवा प्रोग्राम धाकटीने लिहिला होता. तो चालला की टीमची प्रमुख धाकटीच होणार, हे शिपायालाही माहीत होतं. बारा वर्षं राबायचं एकीने आणि खुर्ची कालच्या पोरीला!

दोन्ही प्रोग्राम उद्या पहिल्यांदाच एकत्र चालणार होते. थोरलीने दुपारी सहज म्हणून धाकटीचं काम उघडलं. सहज कसलं, खोट काढायलाच. आणि सापडली. पॅकेटच्या सुरुवातीला चार बाइटचं हेडर, म्हणजे मथळा असतो, त्यात पॅकेटच्या लांबीचा आकडा. थोरलीचा प्रोग्राम तो आकडा हेडरसकट आहे असं धरून चाले. धाकटीने हेडर वगळून मोजला होता. म्हणजे पॅकेटचे शेवटचे चार बाइट बफरमध्ये, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या साठ्यात, उरणार आणि पुढचं हेडर म्हणून तेच वाचले जाणार. त्यातून लांबी निघणार हजारोंची, आणि संगणक न येणाऱ्या बाइटची वाट पाहत बसणार.

धाकटीला सावध करायला एक शब्द पुरे होता. थोरलीने फाइल बंद केली आणि चहा प्यायला गेली. संध्याकाळी स्कूटरवर मागे बसून धाकटी घरापर्यंत उद्याचंच बोलत होती, आणि थोरली नुसती हूं हूं करत राहिली.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर पडद्यावर पातळी एकदाच उमटली आणि तिथेच अडकली. थोरलीला आतून गुदगुल्या झाल्या, नाही कशाला म्हणायचं? चूक कोणाची, असं साहेबांनी विचारताच धाकटीने माझीच म्हणून सांगितलं आणि दुपारपर्यंत दुरुस्त करायचं कबूल केलं. साहेब जाता जाता थोरलीला म्हणाले, टीम तुम्हीच सांभाळा.

खोली रिकामी झाल्यावर धाकटीने खणातून एक पिवळा पडलेला कागद काढला. पॅकेटचा आराखडा, थोरलीच्याच अक्षरात, बारा वर्षांपूर्वीचा. लांबीपुढे स्वच्छ लिहिलं होतं, हेडर वगळून.

"तुमचं अक्षर होतं ताई, म्हणून मी परत विचारलं नाही," धाकटी म्हणाली. "हा तुमच्याकडेच ठेवा. साहेबांना दाखवलेला नाही."

थोरलीने कागदाची घडी घातली. मला कालच दिसलं होतं, एवढंच सांगायचं होतं, पण तिने ती घडी पर्समध्ये सरकवली. खुर्ची मिळाली होती, तरी तिचा जळफळाट थांबेना. आता तिला धाकटीच्या चांगुलपणाचा हेवा वाटत होता.