तेरवीच्या दुसऱ्या दिवशी जिममध्ये

बायकोच्या तेरवीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी जिममध्ये गेलो. आमच्या घाटंजी गावाने मला त्याबद्दल आजपर्यंत माफ केलेलं नाही.

जिम म्हणजे बंद पडलेल्या जिनिंगचं गोदाम. कापसाचा धंदा बसल्यावर मालकाने ते एका जुन्या पहिलवानाला भाड्याने दिलं होतं. पत्र्याखालच्या लोखंडाला रुईचं तूस अजून चिकटलेलं होतं. कोणी वजन आपटलं की ते खाली येऊन घामावर बसायचं. येणारी पोरं आसपासच्या खेड्यांतली, सगळी पोलीस भरतीची तयारी करणारी. कपाशीकडे परत फिरायचं नाही, एवढंच त्यांचं ठरलेलं होतं. त्यांच्यात मी एकटा पन्नाशीला टेकलेला, कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करणारा, चष्म्याला दोरी बांधून स्क्वाट मारणारा.

"सर, भरतीत तुमचं वय त बसत नाही," ते पहिलवान म्हणायचे. त्यांना सगळे उस्ताद म्हणत. "कायले एवढे हाल करून राह्यले जिवाचे?"

"सरले डायरेक्ट डीएसपी घेऊन राह्यले जी," मागून एखादा पोरगा म्हणायचा.

उस्तादांना कारण माहीत होतं. बायकोला पक्षाघात झाला होता. तिला पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीत आणि परत पलंगावर, असं दिवसभर उचलावं लागायचं. पहिल्या काही महिन्यांतच माझी कंबर गेली. डॉक्टरांनी पट्टा दिला आणि बाई ठेवा म्हणाले. बाई ठेवली. पण परक्या हातांनी उचललं की ही डोळे गच्च मिटून घ्यायची आणि खाली ठेवेपर्यंत उघडायची नाही. म्हणून मी जिममध्ये जायला लागलो. उस्तादांनी सरकीचं पोतं समोर टाकलं. "कमरेतून नाही सर, मांडीतून उठा." आठवडाभर मी पोतंच उचलत होतो.

मग एका संध्याकाळी मी तिला नीट उचललं, तेव्हा तिच्या वाकड्या तोंडावर हसू आलं.

"कुठं शिकून आलात?"

"सरकीच्या पोत्यावर."

"तरीच. पोत्यानं तक्रार केली नसेल."

त्या वयात शरीर सुखासुखी ऐकत नाही. पोरांचं दुखणं रात्रीतून जायचं, माझं पुढच्या आठवड्यात जायचं. खांदा आखडायचा. वरच्या रॅकमधलं पुस्तक काढताना ओठ चावावा लागायचा. उस्तादांनी अंडी खायला सांगितली. ती तिच्या स्वयंपाकघरात चालणारी नव्हती, मग मी जिममधल्या स्टोव्हवर उकडून तिथेच उभ्याने खायचो. पण मी एकही दिवस चुकवला नाही. वर्षं गेली तसा मी बळकट होत गेलो आणि ती हलकी होत गेली. शेवटी शेवटी मी तिला एका हातावर तोलून दुसऱ्या हाताने मच्छरदाणी बाजूला करू शकत होतो. त्याचा अभिमान कधी वाटला नाही. राग यायचा.

ती गेली. तेरवीपर्यंत माझ्या हातांना काहीच काम नव्हतं. लोक भेटायला यायचे आणि तिच्या फोटोकडे बघून चांगलं बोलायचे. चेहरा फोटोत होता. आवाज लेकीच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये थोडासा होता. पण तिचं वजन कुठेच ठेवलेलं नव्हतं. ते फक्त माझ्या पाठीला आणि मांड्यांना माहीत होतं. त्या सैल पडल्या की तेही जाणार, याची मला भीती वाटली. म्हणून गेलो.

शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या त्या वर्षांत आमच्या जिल्ह्याला दुःख ओळखायची सवय झाली होती. यवतमाळहून समुपदेशनवाले यायचे आणि घरोघर विचारायचे, जेवण जातं का, झोप लागते का. उंबऱ्यावर बसलेला, गालफडं बसलेला, चहा अर्धा टाकणारा माणूस दिसला की गाव हळू आवाजात बोलायचं. मी जेवत होतो, झोपत होतो, लोखंड उचलत होतो. म्हणजे मला दुःख नव्हतं. पानठेल्यावर माझ्या पाठीमागे कोणीतरी म्हणालंच, "बायको गेली आन् याच्या दंडाले बेटकुया आल्या."

वर्षश्राद्धाला माझी मोठी बहीण यवतमाळहून दोन दिवस आधी आली. तिने पर्समधून एक फोटो काढला. फोटोतल्या बाई कळंबच्या शिक्षिका होत्या.

"मी शब्द देला नाही कोणाले," ती म्हणाली. "पण तू तयारी करून राह्यला, हे सगळ्यायले दिसते."

"कसली तयारी?"

"आता का लहान हायस तू?" तिने माझ्या दंडात बोट खुपसलं. "हे कायच्यासाठी मंग? पोरीलेही इचारलं मी. बाबाची इच्छा असंल त माही हरकत नाही, म्हणे."

मी फोटो परत दिला. बहिणीचं मला काही वाटलं नाही. पण लेकीनेही तसंच मानलं होतं.

ती नागपूरहून श्राद्धाला आली. जेवणं उरकल्यावर मी तिला सगळं सांगितलं, पोतं, मच्छरदाणी, वजन. इतकं सलग मी तिच्याशी कधी बोललो नव्हतो. तिने ऐकून घेतलं.

"तुम्ही आईला उचलायला शिकलात, ते माहीत आहे मला," ती म्हणाली. "पण आता कोणाला उचलायचंय, बाबा?"

"कोणाला नाही."

"मग सोडा ना. आई गेलीय हे लोकांना दिसू तरी द्या. मलाही."

तिच्यासमोर मी रडलो असतो तर प्रश्न मिटला असता. रडू आलं नाही. सोडतो, असं खोटंही बोलता आलं नाही. मी उरलेली ताटं उचलायला लागलो, आणि त्याचा तिने तिला हवा तो अर्थ घेतला.

सकाळी मी तिला स्टँडवर सोडायला गेलो. बॅग घ्यायला हात पुढे केला, तर तिने ती स्वतःकडे ओढून घेतली. "राहू द्या, जड नाही," म्हणाली.

मी अजूनही रोज जिमला जातो. ती आता दिवाळीला येत नाही.