बसऱ्याचा खंडोबा

आयुष्यात मी एकदाच मोबाइलला नमस्कार केला आहे. शहापूरच्या माझ्या चष्म्याच्या दुकानात, भरदुपारी, गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना. पडद्यावर पहिल्या महायुद्धातल्या एका चांदीच्या पदकाचा फोटो आला. गोल पदक, त्यावर घोडा, घोड्यावर हातात तलवार घेतलेला पुरुष, टापेखाली कवटी. माझा उजवा हात आपोआप कपाळाला गेला, मग छातीला, आणि तोंडातून 'जय मल्हार' निघालं. समोरच्या बाई तक्त्यावरची बारीक ओळ वाचायची सोडून माझ्याकडंच बघायला लागल्या. साता समुद्रापलीकडच्या कुणा गोऱ्याच्या संग्रहात मला आमचं कुलदैवत भेटलं होतं, हे त्यांना काय सांगणार? मी म्हटलं, पुढची ओळ वाचा.

पदकांचा नाद मला दुकानातच लागला. एक म्हातारे फौजी गिऱ्हाईक आपल्या वडिलांचं पदक घेऊन आले होते. कडेवर काहीतरी कोरलंय एवढं बोटाला कळत होतं, डोळ्याला दिसत नव्हतं. मी भिंग लावून त्यांना नंबर, हुद्दा, नाव, पलटण सगळं वाचून दाखवलं. ते खुर्चीतच ताठ बसले. रुपयाहून थोड्या मोठ्या चकतीच्या कडेवर अख्खा माणूस मावतो, हे बघून मी खुळावले. नवरा म्हणतो, खुळी आधीच होतीस, निमित्त मिळालं.

मग मी बिल्ले जमवायला लागले. मुरबाडच्या आठवडे बाजारात जुनी तांबं-पितळ घेणाऱ्याकडं, वाशिंदच्या भंगारवाल्याकडं, जिथं मिळेल तिथं. बाजारात माझं नाव 'बिल्लेवाली बाई' पडलं आणि लोक काय वाट्टेल ते आणून दाखवू लागले. शाळेच्या कबड्डीचं पदक आलं, एका कंडक्टरचा बिल्ला आला. एकदा टोपीवरचा फार देखणा पितळी बिल्ला मिळाला, मुकुट आणि दोन सिंह असलेला. कुठली पलटण असेल म्हणून मी महिनाभर पुस्तकं धुंडाळली, परक्या लोकांना संदेश पाठवले. शेवटी तो कल्याणच्या एका लग्नाच्या बँडपथकाचा निघाला. नवऱ्यानं त्या दिवशी जेवताना तोंडानं सनई वाजवली. मी त्याला भाजी वाढली नाही.

तर खंडोबा. माझं माहेर टोकावड्याच्या अलीकडं, माळशेजच्या रस्त्याला. घरचे देव थोरल्या पातीकडं, म्हणजे काकीच्या ताब्यात. देव म्हणजे टाक, प्रतिमा ठोकलेले चांदीचे छोटे पत्रे. बाकीचे टाक झिजून पानासारखे पातळ झालेले, पण खंडोबा मात्र जाडजूड, गोल आणि हळदीनं लडबडलेला. काकीला त्याचा भारी अभिमान. "दुसऱ्यांचा खंडोबा फुकला तं उडंल. आमचा बग, कसा बसलाय." घोड्याखालची कवटी म्हणजे मारलेला दैत्य, हे आम्हाला लहानपणापासून पाठ. खंडोबाचा कुत्रा कुठं दिसत नाही, असं मी एकदा विचारलं होतं. झिजला, असं उत्तर मिळालं होतं.

आता पणजोबांचं सांगायला हवं. ते पहिल्या महायुद्धात इराकातल्या बसऱ्याला जाऊन आले, असं ते स्वतः सांगायचे. पांढऱ्या घोड्यावर बसून तलवारीनं शत्रू कापला म्हणायचे. गावानं एक शब्द खरा मानला नाही. हा गडी मुंबईत कुठल्याशा खानावळीत भांडी घासून परत आला आणि थापा मारतो, असं ठरलं ते ठरलंच. तेव्हापासून आमच्या गावात कुणी लांबड लावली की विचारतात, "काय रे, बसऱ्यावरून आलास का?" माझ्या लग्नात वऱ्हाडासमोर हे झालं. त्याहून वाईट म्हणजे वडील एकदा ग्रामसभेत पाण्याच्या टाकीबद्दल बोलायला उभे राहिले, अगदी खरं बोलत होते, तर समोरच्या घरातले आबा मागून ओरडले, "बसरा!" सगळी सभा हसली. वडील खाली बसले आणि नंतर मरेपर्यंत कुठल्याच सभेत उठले नाहीत. आबा आमच्याच भावकीतले, वडिलांच्या बरोबरीचे. माझा त्यांच्यावर राग होता आणि मी तो कधी लपवला नाही.

म्हणून मला त्या टाकाची, म्हणजे फोटोतल्यासारख्या त्या पदकाची, कड वाचायची होती. पणजोबांचं नाव निघालं तर गावाचं तोंड बंद. दुसऱ्या कुणाचं निघालं तर माझं.

अडचण एकच, काकी. लेक लग्न होऊन गेली की तिचे देव बदलतात, माहेरच्या टाकाला तिनं हात लावायचा नसतो. मी लांबून फोटो काढायला गेले, तर हळद आणि काकीचा अंगठा एवढंच आलं. देव उजळून देते म्हटलं, तर काकी म्हणाली, "तुझे देव तुझ्या घरी उजळ." खरं कारण सांगायचा धीर होईना. ऐंशीच्या पुढच्या बाईला, तुझा खंडोबा इंग्रजांनी पाडलाय, असं कोणत्या तोंडानं सांगू? शिवाय तिच्या हाताशी नेहमी काहीतरी असायचं. लाटणं, नाहीतर काठी.

तेवढ्यात काकीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मी नंबर काढून तिला चष्मा करून दिला. चंपाषष्ठीला घेऊन गेले आणि सकाळी तिच्या नाकावर चढवला. माझ्या मनात एवढंच होतं की म्हातारी खूश होईल आणि कड तरी बघू देईल. काकीनं भिंत बघितली, तिच्या सुनेनं, म्हणजे माझ्या वहिनीनं, सारवताना कोपरा सोडलाय ते बघितलं, आणि देवांना आंघोळ घालायला बसली. चिंच लावून खंडोबाची हळद काढली. पाणी घातलं. डोळ्याजवळ धरला आणि किंचाळली.

"अगो ये, इकडं ये! देवाच्या अंगावर चिंधी नाय!"

खरंच नव्हती. त्या पदकावरचा घोडेस्वार पूर्ण उघडा आहे, हे मला फोटोवरून माहीत होतं. काकीनं तो आजवर हळदीत आणि मोतीबिंदूत पाहिला होता. तिनं वहिनीला हाक मारली.

"घासून घासून देवाचे कपडे काडलेस तू! सांगत व्हते, पावडर लावू नको म्हणून!"

"मी कशाला काडू देवाचे कपडे?" वहिनी भाकरीच्या पिठाचे हात घेऊन दारात आली. "मना दुसरी कामा नाय का?"

"मग कुठं गेले? मी आले तवा व्हते!"

माझा चुलतभाऊ भरताची वांगी घेऊन परसातून आला. त्यानं वाकून टाक बघितला आणि म्हणाला, "घोड्यानं जरा झाकलाय. चालंल." त्यावर काकीनं तांब्या आपटला. वहिनी रडकुंडीला आली, देवाची शपथ घ्यायला लागली आणि कुठल्या देवाची घ्यावी म्हणून मध्येच थांबली. आता गप्प बसणं म्हणजे तिच्यावर अन्याय होता. मी म्हटलं, "काकी, वहिनीनं काही केलेलं नाही. तो पहिल्यापासून उघडाच आहे. हे लढाईचं पदक आहे. पणजोबांचं असेल. कडेवर नाव असतं, मला बघू दे."

काकीनं आधी माझ्याकडं बघितलं, मग भिंतीकडं. काठी भिंतीलाच होती. मग म्हणाली, "तू हात लावू नको. मी धरते, तू वाच."

तिनं पदराला लावलेली सेफ्टी पिन काढून वहिनीला दिली. वहिनीनं कडेतली हळद कोरून काढायला सुरुवात केली, काकी अंगठ्यानं पदक फिरवत राहिली आणि मी डोळ्याला भिंग लावून उकिडवी बसले. आधी नंबर आला. मग हुद्दा. मग नाव. नाव इंग्रजानं लिहिलेलं, म्हणजे हात-पाय मोडलेलं, पण आमच्याच पणजोबांचं. पंचक्रोशीत ते नाव दुसऱ्या कुणाचं नव्हतं. म्हणजे गेले होते! खानावळ नाही, काही नाही, खरंच गेले होते. मी ओरडलेच.

"हुद्दा काय लिवलाय?" भावानं विचारलं.

हुद्दा ड्रायव्हर होता आणि पुढं पलटणीच्या जागी खेचरांचं पथक. म्हणजे पांढरा घोडा नव्हता. तलवारही बहुधा नव्हती. खेचरांच्या पाठीवर सामान लादायचं आणि ती हाकायची, हे पणजोबांचं युद्ध. "म्हंजे थोडी थाप व्हतीच," भाऊ म्हणाला. मी म्हटलं, गावानं एवढा छळ केल्यावर खेचराचा घोडा कुणीही केला असता.

काकीचं लक्ष आमच्याकडं नव्हतं. ती हातातल्या टाकाकडं बघत होती.

"म्हंजे मी लगीन झाल्यापासून," ती हळूच म्हणाली, "आजेसासऱ्याला आंघोळ घालत व्हते?"

आणि तिनं पदर डोक्यावरून पार नाकापर्यंत ओढला. आजेसासऱ्यासमोर डोकं उघडं, तेही तो अशा अवस्थेत असताना! पदराआडूनच तिनं टाक वहिनीकडं दिला, तर वहिनीनंही घाईनं पदर घेतला. मग भावानं तो ताटात ठेवला. "आदी कापड गुंडाळा त्यांना," पदराआडून हुकूम आला. खणाची एक लाल चिंधी सापडली आणि पणजोबा एकदाचे सभ्य झाले.

काकीला मग आठवलं, की तिच्या सासूनं बजावलं होतं, हा टाक सोनाराकडं कधी न्यायचा नाही. माझा अंदाज असा, की हे पणजीचं काम. घरातली चांदी अडीनडीला मोडली जाते, देव कुणी मोडत नाही. कडेवरचं इंग्रजी वाचणारं तेव्हा गावात कुणी नव्हतं, म्हणून नवऱ्याचा एकमेव पुरावा तिनं देवांत बसवला असावा. पुरावा म्हणून हे कुठं टिकणार नाही, पण मला पटतं.

वहिनीनं ही बातमी गावभर केली, म्हणजे ती फक्त पाणी भरून आली. दुपारी तळी उचलायची होती. ताटात टाक, खोबरं, भंडारा ठेवून पुरुषांनी ते खंडोबाच्या नावानं तीनदा वर उचलायचं. आमच्याकडं त्याला पाच पुरुष लागतात, आणि तरणे सगळे कामावर गेलेले. चौघे जमले. पाचवे आबाच.

आबा आले, पण ओट्यावरच थांबले. अर्धी आळी त्यांच्या मागं, मजा बघायला.

"मी काय ऐकतोय?" आबा म्हणाले. "पयला सांगा, हा देव हाय का त्या बसरेवाल्याचा बिल्ला?"

मी तोंड उघडलं होतं. वडिलांच्या वेळेपासून साठवलेलं सगळं जिभेवर आलं होतं. काकीनं मला हातानंच गप्प केलं.

"तूच सांग रे," ती आबांना म्हणाली. "शर्यतीत बैल पयला यावा म्हणून नवस कोणाला बोललास? फेडताना बोकड कोणाफुडं कापलास? पोरीचा पाळणा हलंना तवा हितं कपाळ कोणाफुडं घासलास? बिल्ला आसंल तं बैल परत हरव आनि घरी जा."

कुणीतरी फसकन हसलं. आबांनी मागं वळून बघितलं तसं थांबलं. मी त्यांचा चेहरा बघत होते. हा माणूस जन्मभर ज्याला थापाड्या म्हणत आला, त्याच्यासमोर दरसाल डोकं टेकत आला होता, आणि आता आज टेकायचं की नाही, ते त्याला जाणूनबुजून ठरवायचं होतं. नाही टेकलं तर तळी उचलली जाणार नव्हती. ताट तसंच जमिनीवर राहणार होतं, सगळ्या आळीसमोर. मला त्यांची चक्क दया आली, आणि दया आल्याचा रागही आला.

आबांनी चपला काढल्या. आत येऊन खाली बसले. लाल चिंधी थोडी बाजूला करून बघितलं, पुन्हा नीट गुंडाळली आणि कपाळ ताटाला लावलं. नेहमीपेक्षा जास्त वेळ. मग पाचांनी मिळून तळी उचलली, 'यळकोट यळकोट जय मल्हार'चा गजर झाला, भंडारा उधळला गेला, खोबरं वाटलं गेलं.

निघताना आबा दारात थांबले. कुणी काही विचारलं नव्हतं. अंगणातल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "गेला व्हता रे म्हातारा. बसऱ्याला खरंच गेला व्हता."

सभेत खाली बसलेले वडील माझ्या डोळ्यांपुढं आले, आणि हे त्यांना सांगायला आता कुठं जायचं ते मला कळेना. मी वहिनीच्या पदराला डोळे पुसले. काकी म्हणाली, रडायचा ते मागनं रड, आदी आबाला भरीत वाढ. मी वाढलं.