हाताला लागलेला पाक

लोणावळ्याच्या चिक्कीच्या कारखान्यात अकरा वर्षं काढलेल्या बाईच्या हाताचा वास जात नाही. साबण लावा, लिंबू चोळा, राखेनं घासा, जरा ऊब मिळाली की गूळ पुन्हा वर येतोच. प्रेरणाला त्या वासाचं काही वाटेनासं झालं होतं. कान्ह्याच्या स्टेशनवर सकाळच्या गाडीत चढली की कॉलेजच्या पोरी म्हणायच्या, "वहिनी, काय भारी वास येतोय!" आणि ती हसायची. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण रोज नवीन उत्तर तरी कुठून आणायचं?

काम सांगायला सोपं. कढईतला उकळता पाक आणि दाणे ओट्यावर ओतले की ते थंड व्हायच्या आत लाटायचे, आणि कडक व्हायच्या आत कापायचे. मालकानं हातमोजे दिले होते, पण मोजे घालून वडी सुटी करता येत नाही, म्हणून बायका बोटांना तूप लावायच्या आणि मोजे खुंटीला टांगून ठेवायच्या. आठ तास उभं राहायचं. शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्या घाटात अडकल्या की दहा तास.

तिच्या दुखण्यात दुखत काहीच नव्हतं, आणि हीच त्यातली मोठी अडचण होती. ताप येणाऱ्या बाईला घर निदान चहा करून देतं. हिच्या पाळीचा ताळ नव्हता, एवढंच. दोन-दोन महिने यायची नाही, आली की पंधरा दिवस हलायची नाही. हनुवटीवर राठ केस उगवायचे, म्हणून पर्समध्ये तिकिटाच्या पासाशेजारी चिमटा असायचा. वजन वाढत होतं, ते उपाशी राहिली तरी वाढायचं. लग्नाला दोन वर्षं झाली तेव्हा सोनोग्राफी झाली आणि डॉक्टरीणबाईंनी नाव सांगितलं, पीसीओएस. "अंडाशयात बीजं पिकत नाहीत, वेळेवर बाहेर पडत नाहीत. शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, म्हणून हे सगळं." आणि त्यांनी गोळी लिहून दिली.

ती गोळी घरी आणली तेव्हा सासूबाईंनी, कस्तुराबाईंनी, पाकीट उलटसुलट करून पाहिलं. प्रेरणा त्यांना आत्या म्हणायची. आत्यांना वीस वर्षांची साखर. डाव्या पायाची करंगळी त्यातच गेलेली.

"ही तर माजीच गोळी हाय की," आत्या म्हणाल्या. "तुला कशापायी?"

"मूल व्हायला," प्रेरणा म्हणाली.

आत्यांनी पाकीट पुन्हा एकदा उलटं केलं. "मला तर चार झाली, तवा गोळी न्हवती," म्हणाल्या, आणि दोघींचीही पाकिटं एकाच डब्यात ठेवून दिली.

त्यानंतरची पाच वर्षं सल्ल्यांची. वजन उतरवा, हा पहिला सल्ला, आणि तो द्यायला कुणालाही शिक्षण लागत नाही. नणंदेनं मेथीचं पाणी सांगितलं. शेजारणीनं शिरगावच्या साईबाबांना गुरुवारी जाऊन या म्हटलं. सत्यमनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, "आपण बुद्धवंदना करणारी माणसं" असं काहीतरी पुटपुटूनही तिला मोटारसायकलवरून नेलं, कारण तेवढंच तिला कामाशिवाय बाहेर पडायला मिळत होतं. तो तळेगावला कारखान्यात कंत्राटावर, पाळ्या बदलत्या. भला माणूस, पण दर महिन्याला त्याचा चेहरा बघायचं तिनं सोडून दिलं होतं. तो कधी विचारायचा नाही, आणि त्याचं ते न विचारणंच तिला सगळ्यात जड जायचं.

आणि मग, कुणाची आशा उरली नव्हती अशा वेळी, दिवस राहिले. प्रेरणा तेव्हा चौतीसची होती.

तिसऱ्या महिन्यात सरकारी दवाखान्यात साखरेची तपासणी झाली. ग्लुकोजचं पाणी प्यायचं, दोन तास बसायचं, मग बोटाला सुई. प्रेरणा अर्धी पाळी करून थेट गेली होती. नर्सनं मशीनकडे पाहिलं आणि तिचे डोळेच विस्फारले. तीनशे एकाहत्तर.

"तुम्ही कामाला कुठं?" नर्सनं तिचा हात नाकाजवळ नेला. "अहो, धुऊन या आधी!"

नखांच्या कडेला सकाळचा पाक तसाच होता. साबणानं धुऊन दुसऱ्या बोटाला सुई टोचली, तर एकशे चोवीस. सगळा दवाखाना हसला, प्रेरणाही हसली. किती वर्षांनी ती दवाखान्यात हसत होती! डॉक्टरीणबाई मात्र हसून झाल्यावर खुर्ची पुढं ओढून बोलल्या. "आत्ता ठीक आहे. पण पीसीओएस असलेल्या बाईला गरोदरपणात साखर वाढायचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, हे विसरायचं नाही. ती वाढून तशीच राहिली तर बाळ अंगानं फार मोठं होतं, बाळंतपण अवघड जातं, आणि जन्मल्या जन्मल्या बाळाची साखर एकदम खाली जाऊ शकते. वेळेवर कळलं तर सगळं सांभाळता येतं. चोवीस आठवडे झाले की पुन्हा यायचं. हात धुऊन."

ही गोष्ट कारखान्यात गेली, गाडीत गेली, घरी तर रोजच्या जेवणात आली. कुणाचं काहीही वाढलं की सत्यम म्हणायचा, "पाक लागला असंल हाताला."

चोवीस आठवडे ऑगस्टात भरले. धबधबे वाहत होते, दुकानांपुढं गाड्यांच्या रांगा होत्या. तिनं सुट्टी मागितली नाही. मुकादमानं दिली नसती असं ती सगळ्यांना सांगत होती, पण खरं म्हणजे तिनं मागितलीच नव्हती. गावची आशा सेविका अनघा दोनदा दारात येऊन गेली. "घरी आत्यांचं मशीन आहे की, बघते मी," असं म्हणून प्रेरणानं तिला वाटेला लावलं.

आणि बघितलंही. जेवल्यावर दोन तासांनी, एकशे सत्याऐंशी.

"हाताला पाक होता," तिनं घरात सांगितलं, आणि ते खरं होतं. सत्यम हसला. आत्याही हसल्या.

दुसऱ्या दिवशी तिनं मोरीत बसून दोनदा साबण लावला, नखं ब्रशनं घासली, हात पुसून कोरडे केले आणि मग सुई टोचली. एकशे ब्याण्णव. तिनं मशीनची पट्टी कागदात गुंडाळली आणि चुलीत टाकली. सत्यमनं विचारलं तेव्हा तोंडातून निघून गेलं, "तेच. पाक."

का केलं असं तिनं? शहाणी बाई, दहावी पास, डॉक्टरीणबाईंचा शब्दन् शब्द तिच्या ध्यानात होता. पण ती दमली होती हो. पाच वर्षं ती दवाखान्याच्या बाकावरची पेशंट होती. कागदांची पिशवी, गोळ्यांचा डबा, लोकांच्या नजरा. या सहा महिन्यांतच काय ती चारचौघींसारखी साधी गरोदर बाई झाली होती. गाडीत तिला कुणी उठून जागा देत होतं. हनुवटीचे केस कुणी बघत नव्हतं, पोट बघत होतं. हे सगळं पुन्हा पिशवीत घालून बाकावर जाऊन बसायचं तिच्या जिवावर आलं होतं. उद्या बघू, असं म्हणत ती रोज हात धुवायची, रोज आकडा बघायची आणि रोज पाकाचं नाव सांगायची. एकशे अठ्ठ्याहत्तर. दोनशे एक. पोट सहाव्या महिन्याच्या मानानं मोठं दिसायला लागलं. बायका कौतुक करायच्या, "बाळसं पोटातच धरलंय गं!" आणि ती पदर पुढं ओढून घ्यायची.

कारखान्यात एक रीत होती. पोटुशी बाई सातव्यात लागली की पहिल्या कढईची लादी तिच्या नावानं लाटायची. काजू, तूप, निवडलेला गूळ. मालकाला सांगून, त्याच्यादेखत. लाटायची सगळ्यांनी मिळून, आणि पहिली वडी तिनं खायची, बाकीच्यांनी तोवर तोंडात काही घालायचं नाही. झुंबरबाई कारखान्यातली सगळ्यांत जुनी. अकरा वर्षं दुसऱ्यांच्या लाद्या लाटणाऱ्या प्रेरणाच्या हातात तिनं वडी ठेवली तेव्हा म्हातारीचे डोळे भरून आले.

"खा गं माझे बाई. लय वाट बघायला लावलीस."

चौदा बायका तिच्या तोंडाकडे बघत उभ्या. नको म्हणायला एक शब्द पुरला असता. प्रेरणानं वडी खाल्ली. मग झुंबरबाईनं दुसरी भरवली, तीही खाल्ली. घास गिळताना ती मनात पोटातल्या जिवाची माफी मागत होती, आणि वरून हसत होती.

त्या दिवशी घरी आल्यावर तिनं हात धुतले. दोनशे अठ्ठेचाळीस.

ती मशीन डब्यात ठेवत होती, तेवढ्यात आत्या मोरीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात पट्ट्यांची डबी होती. त्यांनी ती हलवून दाखवली, आत दोन-तीनच पट्ट्या वाजल्या.

"पन्नास व्हत्या," आत्या म्हणाल्या. "मी आठवड्याला येक वापरती. उरलेल्या कुटं गेल्या?"

नळ तसाच चालू होता. आत्यांनी वाकून तो बंद केला, मग तिचे ओले हात आपल्या हातात घेतले आणि उलटे करून, नखांपाशी डोळे नेऊन बघितले. मग बोटं नाकाशी नेली.

"वास काय जायाचा न्हाई," त्या म्हणाल्या. "पर पाक कुटं हाय?"

"आत्या, मला परत नको ते सगळं," प्रेरणा म्हणाली आणि मोरीतल्या दगडावरच मटकन बसली. सातव्या महिन्यातली बाई खाली बसली की उठवायला धडधाकट माणूस लागतं, म्हणून आत्यांनी तिला उठवलं नाही. पदर खोचून त्याही कष्टानं शेजारी टेकल्या. पाय लांब केला, त्या पायाला चारच बोटं.

"हे बोट कसं गेलं, ठावं हाय का तुला?"

"साखरेनं."

"जखम झाली व्हती. एवडीशी, चिंचोक्यावानी. सत्यमची दहावी चालू, त्याचा बाप आजारी. कोन दवाखाना करतंय, म्हनून मी मोजा घातला वरनं. कुनी इचारलं की म्हनायची, थंडी वाजती. म्हैनाभर थंडी वाजत व्हती मला, चैताच्या उनात." आत्या जराशा हसल्या. "मी बोटच घालिवलं. तुज्यापाशी लेकरू हाय."

बाहेर सत्यमची गाडी आली तेव्हा कुठं दोघी उठल्या, एकमेकींना धरून.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेरणानं मुकादमाला फोन करून सुट्टी सांगितली. मागितली नाही, सांगितली. सत्यमला घरात काय झालं ते आत्यांनीच सांगितलं असावं, कारण कागदांची जुनी पिशवी माळ्यावरून काढून झटकून त्यानं तिच्या हातात दिली. पिशवीचे बंद अजून मजबूत होते.

दवाखान्यात तोच बाक, तीच भिंत. नर्सही तीच होती. प्रेरणाला बघताच तिचा चेहरा खुलला. "या, चिक्कीवाल्या! आज तरी हात धुतलेत ना?"

रांगेतल्या दोघी-तिघी हसायला लागल्या. गोष्ट त्यांनाही माहीत होती बहुतेक. हसून "हो" म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"धुतलेत," प्रेरणा म्हणाली. "महिनाभर धुऊनच बघतेय मी. साखर रोज जास्त येत होती. मी घरी खोटं सांगितलं."

नर्सचं हसू गेलं. हातातली सुई तशीच राहिली. मागच्या बाकावरून बरोबर आलेल्या आत्या उठल्या, लंगडत पुढं आल्या आणि टेबलाला धरून उभ्या राहिल्या.

"ती काय म्हनती ते समदं लिवून घ्या, बाई," त्या म्हणाल्या. "तारखा मला बी पाठ हाईत."

नर्सनं खुर्ची पुढं सरकवली. प्रेरणानं पिशवी मांडीवर ठेवली आणि बोट पुढं केलं. सुई टोचली, थेंब आला, आकडा आला. या खेपेला पाकाचं नाव कुणी काढलं नाही.