एकतिसाव्या मिनिटातला भोंगा

माझ्या दोघा नातवंडांनो,

गेल्या रविवारी फोनवर धाकटीने सांगितलं की तुम्ही दोघांनी मिळून पहिला स्पीडरन पूर्ण केला आहे आणि येत्या शनिवारी तो यादीत नोंदवायला पाठवणार आहात. मला आनंद झाला. मग ती सहज म्हणाली, "आजी, मध्ये एका ठिकाणी स्क्रीन अडकली होती, पण दादाने ते नीट केलंय. कळतसुद्धा नाही." त्यावर मी गप्प झाले. तुम्हाला वाटलं असेल, लाईन गेली. लाईन ठीक होती.

आत्या आता का खेळत नाही, असं तुम्ही मला दोनदा विचारलंत आणि दोन्ही वेळा मी विषय बदलला. त्याचं उत्तर तुम्हाला शनिवारच्या आत मिळायला हवं. फोनवर मला ते क्रमाने सांगता येणार नाही, म्हणून लिहिते आहे.

आत्या म्हणजे माझ्या धाकट्या दिरांची मुलगी. लॉकडाऊनमध्ये ती उंब्रजला माझ्याकडे अडकली आणि सात महिने राहिली. सोबत एक लॅपटॉप होता आणि त्यात एक जुना खेळ. एक बाहुला हातात दिवा घेऊन अंधाऱ्या तळघरांतून वर येतो, एवढाच तो खेळ. ती तो रोज खेळायची, आणि संपला की पुन्हा पहिल्यापासून. मी विचारलं, "शेवट माहीत असताना परत कशाला?" ती म्हणाली, "शेवट माहीत हाय काकी, पण किती वेळात ते ठरायचंय."

स्पीडरन म्हणजे खेळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत कमीत कमी वेळात पार करायचा, त्याचं सलग चित्रीकरण करायचं आणि ते जगभरच्या यादीकडे पाठवायचं. तिथे कुणीतरी ते तपासतो आणि मंजूर करतो किंवा नाकारतो. हे तपासणारे पगारी नसतात. त्या छोट्या खेळाला तपासनीस मिळत नव्हते. नियम तर इतक्या गबाळ्या इंग्रजीत लिहिलेले होते की मी ते वाचून लाल पेन शोधायला लागले. आत्या हसली. "तुमी तीस वर्सं पेपर तपासले नव्हं? हे बी तपासा." अशी मी, कराडच्या हायस्कुलातली निवृत्त इंग्रजीची बाई, त्या यादीची तपासनीस झाले.

त्यामुळे नव्या माणसाने तिथे कसं वागावं, हे मी दोन्ही बाजूंनी पाहिलं आहे. सगळा उद्योग घाईचा असला तरी त्यात शिरताना घाई चालत नाही. पहिले काही आठवडे नुसतं बघावं. आपल्याला पडलेला प्रश्न आधीच कुणी विचारला असेल, तर त्याखालची उत्तरं वाचावीत आणि मगच तोंड उघडावं. एखादी युक्ती दुसऱ्याने शोधलेली असेल तर तिच्याखाली त्याचं नाव लिहावं, तो कोण कुठला हे माहीत नसलं तरी. दुसऱ्याच्या विक्रमाला सोपा म्हणू नये. कुणाचा रन रंगात आला असेल, तर "आज होणार" असं बोलू नये. आत्याचा एक मित्र नेमका तसं बोलायचा आणि ती त्याला त्या दिवशी चहा द्यायची नाही. आणि एकदा रन पाठवला की तपासणाऱ्याच्या मागे लागू नये. माझ्याकडे एकाने रोज सकाळी "झालं का?" असं लिहायचा सपाटा लावला होता. त्याचा रन चांगला होता, तरीही उघडताना माझ्या कपाळावर आठी असायची. ते बरोबर नव्हतं, पण तपासणारी माणसंच असतात.

नियमही मी नीट लिहून काढले. त्यातला एक माझा स्वतःचा होता. रन चालू असताना मायक्रोफोन चालू ठेवायचा आणि खोलीतला आवाज चित्राबरोबर येऊ द्यायचा. चित्र कापून जोडणं सोपं असतं, पण खोली जोडता येत नाही, असं मला वाटायचं. सगळ्यांना तो पटला. आत्याला सर्वांत आधी.

लॉकडाऊन उठल्यावर ती सांगलीजवळच्या आपल्या गावी परत गेली. सकाळी सांगलीत एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करायची आणि दुपारी घरी येऊन खेळायची. तिचं घर साखर कारखान्याच्या कंपाउंडला लागून आहे, हे तुम्ही पाहिलं आहे. तुम्ही आलात तेव्हा गळीत हंगाम नव्हता. हंगामात तिथे मळीचा वास कपड्यांत बसतो आणि पाळी बदलताना भोंगा होतो. तो हळूहळू चढतो, बराच वेळ एका सुरात राहतो आणि मग उतरत जातो. मला तो वाजत असताना बोलता येत नाही. त्या घरात कुणाचं वाक्यही अडत नाही.

तिचा वेळ कमी होत होत ती यादीत दुसरी आली. पुढे तिसऱ्या तळघराचं दार होतं. ते बंद असतानाच नेमक्या क्षणी दिवा खाली टाकला, तर बाहुला आरपार जातो. एका क्षणाने चुकलं की दारात अडकतो आणि अर्ध्या तासाची मेहनत वाया जाते. आठ महिने ती त्या दारापाशी अडकत होती. फोनवर तिचा आवाज बदलला होता. "आज?" असं विचारलं की म्हणायची, "दार." पुढे पुढे मी विचारणं सोडलं.

मग जानेवारीत तिचा रन आला. वेळ पहिल्या क्रमांकाचा, नऊ सेकंदांनी.

मी प्रत्येक रन दोनदा तपासायचे, एकदा चित्र बघत आणि एकदा डोळे मिटून. पहिल्या वेळी मला रडू आलं. बाहुला दारातून असा गेला, जणू तिथे दार नव्हतंच. जेवण झाल्यावर मी कानाला हेडफोन लावून डोळे मिटले. कळफलकाची टकटक, तिचा श्वास, बाहेर ट्रॅक्टर. एकतिसाव्या मिनिटाला भोंगा चढायला लागला. तो वरच्या सुरात गेला आणि संपला. उतरला नाही, थांबला. त्या जागी पंख्याची घरघर सुरू झाली. आदल्या क्षणी खोलीत पंखा नव्हता.

मी डोळे उघडले तेव्हा बाहुला दाराच्या पलीकडे निघाला होता. दारातून जाताना पडदा सेकंदभर काळा होतो. त्या काळोखात जोड होता.

मी तो भाग अकरा वेळा ऐकला. मग तिला फोन लावला.

"बघितला काकी?" ती धावत आल्यासारखी बोलत होती.

"बघितला. एकतिसाव्या मिनिटाला भोंगा कुठे गेला?"

"कुठला भोंगा?"

ती खोटं बोलत नव्हती. तिला तो ऐकूच आला नव्हता. चित्राचा जोड तिने नखाएवढाही दिसू दिला नव्हता, आणि जन्मापासून कानांवर असलेला आवाज मात्र तिच्या लक्षात राहिला नव्हता. मग तिला कळलं.

"दारापर्यंतचा सोमवारचा हाय, पुढचा आदल्या दिवशीचा," ती म्हणाली. "दोन्ही मीच खेळलेय काकी. दुसऱ्या कुणाचं काय बी न्हाई त्यात."

"मला आधी का नाही विचारलंस?"

"तुमी काय केलं असतं?"

"नाकारला असता."

"म्हणून न्हाई विचारलं."

मी म्हटलं, दोन दिवस देते, तूच परत घे. दुसऱ्या दिवशी सकाळी दिरांचा फोन आला. ते सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आहेत आणि फोनवरही परेडवर असल्यासारखे बोलतात.

"वैनी, पोरगी जगात एक नंबर आली म्हणं. पंचायतीसमोर बोर्ड लावलाय पोरांनी. लय मोठा."

"भाऊजी, अजून मंजूर व्हायचाय."

"आवं, मंजूर करणार कोण? तुमीच नव्हं? माझी अठ्ठावीस वर्सं बर्फात गेली, माझा बोर्ड कुणी लावला न्हाई. ही पलंगावर बसून बटनं दाबती आन् बोर्ड. पर तुमी तपासलंय म्हटल्यावर माझ्यासाठी ते मिलिटरीच्या शिक्क्यागत पक्कं." ते हसत होते. मागे आणखी कुणीतरी हसलं.

तिने रन परत घेतला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मी तो मंजूर केला.

माझ्यावर कुणी जबरदस्ती केली नव्हती. त्या बोर्डाखाली ती उभी असलेली मी मनात पाहिली आणि बटण दाबलं. प्रत्येक रनखाली मी दोन ओळी लिहायचे. त्या दिवशी एकही लिहिली नाही.

त्यानंतरचे महिने कसे गेले ते सांगते, कारण तुम्हाला तेच कळायला हवं. कुणाला काही कळलं नाही. अभिनंदनाचे संदेश आले. आत्या पुन्हा खेळायला बसेना. तिचा फोन कमी झाला आणि आला तरी आम्ही हवामानावर बोलायचो. टॅबलेटवर संदेशाची टिंग वाजली की मी तो पालथा ठेवायचे. मला वाटायचं की कुणी शत्रू, कुणी हेवा करणारा खोड काढायला येईल. तसं कुणी आलं नाही.

एक शिकाऊ आला. दूरच्या देशातला, तुमच्यासारखाच नवा. नवी माणसं पहिल्या क्रमांकाचा रन शंभर-शंभर वेळा बघतात, बारीकसारीक शिकण्यासाठी. त्याने चारचौघांत काही लिहिलं नाही. शंका असली तर आधी तपासणाऱ्याला खासगीत विचारावं, हा तिथला रिवाज आहे आणि त्याने तो पाळला. त्याने लिहिलं, "हा रन माझा सर्वांत आवडता आहे. दारातून जाण्याआधी एक सुंदर आवाज चढत जातो. तो काय आहे? आणि तो उतरताना का ऐकू येत नाही?"

मी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने सांगली गाठली. आत्या लॅबमधून आली तेव्हा मी त्यांच्या ओसरीवर बसले होते. मी तिला संदेश दाखवला.

"तू स्वतः सांग," मी म्हटलं. "स्वतः सांगितलं तर एक रन जाईल. दुसऱ्याने सांगितलं तर सगळं जाईल."

"आन् तुमचं काय जाईल?"

"माझं काम जाईल. ते जायलाच हवं."

तिने पर्स भिंतीवरच्या खुंटीला अडकवली. "मग तुमीच सांगा. शिक्का तुमचा हाय," ती म्हणाली आणि आत गेली. दिरांनी आतून विचारलं, वैनी जेवून जाणार ना. मी थांबले नाही.

मी वाट पाहिली. तिच्याकडून एक शब्द गेला नाही. आठव्या दिवशी मी यादीच्या मुख्य माणसांना चार वाक्यं लिहिली, त्यातली दोन माझ्याविषयी. चोवीस तासांत सगळं झालं. जोडलेला एक रन सापडला की त्या माणसाचे सगळेच संशयित धरायचे, असा नियम आहे. तोही मीच नीट इंग्रजीत लिहिलेला. तिचे रन एकामागून एक यादीतून निघाले, अगदी कष्टाचे, खरे असलेले सुद्धा. मी मंजूर केलेले इतरांचे रन मुख्य माणसांनी पुन्हा तपासायला काढले. त्यातल्या कित्येकांना महिनाभर जीव मुठीत धरून बसावं लागलं, माझ्यामुळे. पंचायतीसमोरचा बोर्ड दिरांनी स्वतः शिडी लावून उतरवला. मला त्यांनी आजवर एक शब्द विचारला नाही. तो प्रश्न केव्हा येईल, हे मला माहीत नाही.

आत्या दिवाळीला येते. वाकून नमस्कार करते, भांडी घासते आणि दिवस बुडायच्या आत निघते. खेळाचा विषय आमच्या दोघींमध्ये निघत नाही.

आता तुमच्याकडे येते. अडकलेल्या स्क्रीनची मूळ फाईल दादाने पुसली नसेल अशी मी आशा करते. ती शिल्लक असेल तर तीच पाठवा, अडकलेली, आणि खाली लिहा की इथे अडकली. नाकारतील. दोन ओळींत कारण देतील आणि पुढच्या वेळची वाट पाहतील. नसेल तर काहीच पाठवू नका आणि पुन्हा खेळा. कळत नाही असं तुम्ही म्हणता, पण तुमच्या घरातलं काय तुम्हाला ऐकू येत नाही, हे तुम्हाला माहीत नाही. तुमचा रन सर्वांत जास्त वेळा बघणारा माणूस तुमच्यावर प्रेम करणाराच असेल. आणि तपासायला कुणी ओळखीचं बसलं असेल, तर त्याला माझ्या जागी बसवू नका.

तिच्या एकवीस रनांपैकी एक यादीत राहिला. तो तिने माझ्यासमोर, उंब्रजच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर खेळला होता आणि त्याची सलग फाईल मी जपून ठेवली होती. ती मी पाठवली आणि अनोळखी तिघांनी तपासली. एक तास चार मिनिटं. ती दारात अडकते, मागे फिरते, लांबच्या जिन्याने वर येते. यादीत तो शेवटून तिसरा आहे आणि त्यापुढे तिचं नाव आहे.