इसलिए सर

इसलिए सरांच्या हातात कागद दिला की ते आधी हिरवी पेन्सिल शोधत. ती सापडली की वाचन सुरू, आणि जिथे जिथे 'इसलिए' दिसेल तिथे गोल. बाकी शुद्धलेखन गेलं खड्ड्यात. भिलाईतल्या आमच्या कॉलेजात इतिहास हिंदीतून शिकवत, आणि परीक्षेत पानं भरायची तर 'इसलिए'वाचून कोणाचंच भागत नाही. राजा उदार था, इसलिए. प्रजा नाराज़ थी, इसलिए. आमच्या उत्तरपत्रिका परत यायच्या त्या अंगभर कांजिण्या उठल्यासारख्या, आणि समासात एकच प्रश्न असायचा: 'आपको किसने बताया?' सरांचं खरं नाव पाटीवर होतं, पण ते पोस्टमनच्या कामाचं.

सर मराठी ख्रिस्ती. वडील रेल्वेत गार्ड होते, बालपण भिलाईजवळच्या चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत गेलं. माझे बाबा तिथल्याच यार्डात कामाला होते, आमचं घर बौद्ध, विदर्भातून आलेलं. सरांना घराबाहेर मराठी बोलायला कोणी मिळत नसे, म्हणून मी मिळाले की ते सुटायचे. नंतर ते नेहरू नगरात हायवेलगत राहायला गेले. शेजारच्या माडीवर कोचिंग क्लास होता. तिथले मास्तर माइकवरून तीस सेकंदांत उत्तर काढायच्या युक्त्या सांगत, आणि खाली आमचे सर एका वाक्यावर तीन आठवडे बसून राहत. अशा माणसाकडे मी पीएच.डी.ला नाव नोंदवलं. दोष माझाच होता.

माझा विषय होता विदर्भातून रेल्वेत आणि कारखान्यात आलेली बौद्ध कुटुंबं. पहिल्याच प्रकरणात मी लिहिलं की आजोबांच्या पिढीने दीक्षा घेतली, इसलिए ती शिकली. सरांनी गोल केला. माझं डोकंच फिरलं. हे वाक्य मी लहानपणापासून प्रत्येक जयंतीला स्टेजवरून ऐकत आले होते, आणि हा चर्चमध्ये गाणारा माणूस मला विचारतो, कोणी सांगितलं? मी त्यांना स्पष्ट म्हटलं की सर, हे माझ्या लोकांबद्दल आहे, तुम्ही यात पडू नका. ते चिडले नाहीत, हेच तर चीड आणणारं. म्हणाले, "आपल्या लोकाइचं लिहितानी पेन्सिल जास्त चालवाव लागते, पोरी. जाय, बाबाले विचार."

बाबांना विचारलं. ते भाकरी मोडता मोडता म्हणाले, "तुहे आजोबा तं दीक्षेच्या आधीच शाळेत बसत होते. दाराच्या बाहेर बसत होते, पण बसत होते. दीक्षेनं त्याइले अंदर आणलं." झालं, अख्खं प्रकरण नव्याने लिहावं लागलं. एक वर्ष गेलं. नवं प्रकरण चांगलं झालं, हे मी सरांना कधीही सांगितलं नाही.

दुसऱ्याच्या कागदावर असा अत्याचार करणारा माणूस स्वतःच्या कागदावर काय करत असेल? सर अकरा वर्षं एकच पुस्तक लिहीत होते. या रेल्वेलाइनवरच्या चर्चमधली माणसं मुळात आली कुठून, त्याचा इतिहास. जुन्या दुष्काळात कितीतरी लोक भुकेपोटी मिशनच्या दाराशी आले. पाद्र्याच्या नोंदवहीत त्यांची नावं होती, कोण कधी आलं, कोण कधी निघून गेलं, आणि त्यात खुद्द सरांच्या पणजोबांचं नाव होतं. सरांनी ते पहिल्याच पानावर लिहिलं: माझा पणजोबा उपाशी होता, आणि तो मिशनमध्ये आला. ते हस्तलिखित मी चारदा टाइप केलं, आणि चारही वेळा त्यांनी मला तो 'आणि' नीट आला की नाही ते तपासायला लावलं.

चर्चच्या कमिटीला हे पुस्तक वर्धापनदिनाला हवं होतं. त्यांनी पान वाचलं आणि त्यांचे चेहरे उतरले. परमेश्वराने हाक मारली, इसलिए ते आले, असं लिहा म्हणाले. सर म्हणाले, "हाक मारली असन. पण त्यानं नोंदवहीत सही नाही केली." त्या दिवसापासून चर्चमध्ये त्यांच्या बाकावर शेजारची जागा रिकामी राहू लागली. सर मात्र दर रविवारी तिथेच बसून, बेसूर पण मनापासून, गायचे. एकदा मी वैतागून विचारलं, तुमचा विश्वास आहे की नाही ते तरी एकदा ठरवा. म्हणाले, "विश्वास आहे म्हणूनच तं मले खोट्या पुराव्याची गरज नाही." मी म्हटलं, सर, यात तुमचा 'म्हणून' आला. त्यांनी ते वाक्य स्वतःशी एकदा म्हणून पाहिलं. मग म्हणाले, "इथं तो लागते."

कॉलेजात वेगळीच तऱ्हा. मॅनेजमेंटने धर्मांतरावर सेमिनार ठेवला, धर्मांतराविरुद्ध बोलणाऱ्या एका पुढाऱ्याला पाहुणा म्हणून बोलावलं, आणि कुठून तरी त्या पानाचा वास लागल्यामुळे सरांना खास आग्रह केला की ते भुकेचं वाचून दाखवा, ख्रिस्ती माणसाच्या तोंडून आलं तर बरं. मी सांगितलं, जाऊ नका. गेले. ते पान वाचलं, टाळ्या पडल्या. मग सरांनी पुढचं पान उलटलं, आणि त्याच्या पुढचं. धान्य वाटणं बंद झाल्यावर कोण गेलं, कोण राहिलं, राहिलेल्यांना गावाने पाणी तोडलं तरी ते का हलले नाहीत, सगळं, टिपांसकट. पाहुणे मधूनच उठून गेले, जेवण थंड झालं, आणि महिन्याभरात सरांचं विभागप्रमुखपद गेलं. मी सरांशी भांडायला गेले तर म्हणाले, "भूक होती तवा आले, हे सगळे विचारतेत. भूक सरल्यावर काहून नाही गेले, हे कोणीच विचारून नाही राहिलं." मी म्हटलं, विचारणारे जेवायला गेले सर.

एवढं झाल्यावर पुस्तक निदान छापून तरी यावं की नाही? सरांनी दुर्गच्या एका छापखान्याशी बोलणं केलं. मग दुर्ग जिल्ह्यातल्याच अहिवाऱ्याकडून एक तरुण पास्टर आला. तिकडच्या एका गावात तो छोट्या घरात प्रार्थना चालवायचा. व्हरांड्यात बसून त्याने ते पान दोनदा वाचलं. खरं आहे म्हणाला, आमच्या घरातली म्हातारी माणसंही हेच सांगतात. पण गावात पहिलंच पान वाचतील, अन्नासाठी बाटले म्हणत अंगावर येतील, पुढचं कोणी वाचणार नाही. मग अगदी हळू म्हणाला, "किताब आप लिखोगे सर, मार हम खाएँगे."

दुसऱ्या दिवशी हस्तलिखिताची फाइल कपाटात गेली. मी थयथयाट केला. तर मग ते एक वाक्य बदला, म्हटलं. ते तर नाहीच, म्हणाले. मग छापा. तेही नाही. "खरं सांगाची घाई मले आहे, पोरी. त्याचा मार दुसऱ्यानं काहून खावा?" दिवस बदलतील, मग छापू, म्हणून थांबले. दर आठवड्याला त्या पास्टरला फोन करत. फोन ठेवून मला सांगत, ठीक आहे सगळं, आपण बरोबर केलं. इतकं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर मी दुसऱ्या कशाने पाहिलं नाही. दोन वर्षांनी ते आजारी पडले आणि त्याच उन्हाळ्यात गेले.

प्रेतयात्रेला कमिटीची सगळी माणसं होती. भाषणात म्हणाले, सर फार शांत आणि आज्ञाधारक होते. मला तिथे हसू आलं आणि मग हुंदका आला. कॉलेजच्या हारावर त्यांचं पद पुन्हा 'विभागप्रमुख' लिहिलं होतं, मेल्यावर काही अडचण नसते. त्यांच्या मुलीने फाइल माझ्या हातात दिली.

महिन्याने तो पास्टर चरोद्याला आमच्या घरी आला. मी त्याला बसायलाही न सांगता म्हटलं, घाबरू नका, मी काही छापणार नाही. तो म्हणाला, छापा, तेच सांगायला आलोय. मला कळेना. मग त्याने शर्टाची बाही वर केली. कोपराखालचं हाड वाकडं जुळलं होतं. फाइल कपाटात गेल्यावर चारच महिन्यांनी, एका रविवारी, प्रार्थनेत माणसं घुसली होती.

"मार तो बिना किताब के भी पड़ गई थी, दीदी," तो म्हणाला.

दोन महिने हात प्लास्टरमध्ये होता, आणि त्या दोन महिन्यांतही दर आठवड्याला सरांचा फोन येत होता. मी ओरडलेच, मग सांगितलं का नाही? त्यांनी तेव्हाच छापायला दिलं असतं, जिवंतपणी पुस्तक हातात आलं असतं. तो खाली बघत म्हणाला की सरांनी माझ्यासाठी अकरा वर्षांची मेहनत कपाटात ठेवली होती. ती फुकट गेली, हे त्यांना किस मुँह से बताता?

मला त्या दोघांचाही भयंकर राग आला. एकाने दुसऱ्याचा मार चुकवायला पुस्तक दाबलं, दुसऱ्याने त्याचं मन राखायला मोडका हात झाकला, आणि मी मधल्या मध्ये दोन वर्षं त्या कपाटाकडे बघून दात खात बसले. फाइल आता दुर्गला छापखान्यात आहे, त्या 'आणि'सकट. पण सरांना माफ करणं मला अजून जमत नाही. ज्या माणसाने जन्मभर देवापासून पुढाऱ्यापर्यंत प्रत्येकाकडे पुरावा मागितला, त्याने फोनवरच्या 'सब ठीक है सर'चा पुरावा एकदाही मागितला नाही.