चार टाचण्या

माझी अम्मी दवाखान्यात रक्त तपासते. सव्वीस वर्षांत तिथं कुणी तिचा एक केसही पाहिलेला नाही. "बाई, टक्कल तर नाही ना पडलं?" असं सोबतच्या बायका चिडवायच्या. "पडलं तरी तुम्हाला थोडंच कळणार!" असं म्हणून ती हसायची.

संध्याकाळी ती घरी येई तेव्हा अब्बा दाराजवळच्या खुर्चीत तळहात पसरून बसलेले असायचे. हिजाबाच्या चार टाचण्या ती एकेक करून त्यावर ठेवायची. वेणी कमरेवर उतरली, की अब्बा म्हणायचे, "आली बुवा माझी बायको!" रोज तेच. मला तर वीट यायचा.

अब्बांना जाऊन पाच महिने झाले. आता घरी आली तरी अम्मी हिजाब काढत नाही. तशीच स्वयंपाक करते, तशीच जेवते. काल माझं डोकंच फिरलं.

"अगं, घरात परकं कोण आहे? काढ की तो आता!"

ती रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिली.

"काढते गं. पण टाचण्या कुणाच्या हातात देऊ?"

मी रागारागानंच हात पुढे केला. तिनं माझी बोटं हलकेच मिटवली.